सरखेल : घोडदळातून दर्यावर आलेला किताब

रायगड जिल्हा १९८१पर्यंत कुलाबा जिल्हा होता. हे नाव अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्याचे. त्याच किल्ल्यावरून कान्होजी आंग्र्यांनी कोकणच्या दर्यावर हुकमत गाजवली. त्यांचा किताब होता सरखेल.

या किताबाचा जन्म मात्र जमिनीवरचा. फारसीत ‘सर’ म्हणजे प्रमुख, अरबीत ‘खैल’ म्हणजे घोडे किंवा स्वारांचा जथा. चौदाव्या शतकातल्या झियाउद्दीन बरनीच्या इतिहासात दिल्लीचा सरखेल फक्त दहा स्वारांवरचा अधिकारी आहे.

मराठी राज्यात तोच सरखेल आरमाराचा सरदार झाला. सिधोजी गुजरांच्या मागून १६९८च्या सुमारास ही जबाबदारी कान्होजींकडे आली. पुढे कान्होजी विरोधी बाजूला असताना छत्रपती शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तेव्हा कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. १७१३मध्ये पेशवेपद मिळालेल्या श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांनी लढाईऐवजी बोलणी केली. कान्होजी शाहूंच्या बाजूला आले. सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडेच राहिले. गुराबा आणि गलबते या जहाजांच्या बळावर त्यांनी समुद्रात दस्तक, म्हणजे परवाना, सक्तीचा केला. १७१८मध्ये इंग्रज खांदेरी घेऊ शकले नाहीत. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेही हात हलवत परतले.

१७२९मध्ये कान्होजी वारले आणि पुढे त्यांच्या मुलांमध्ये वाद पेटला. १७३५मध्ये पेशवे बाजीरावांनी वाटणी केली : संभाजी विजयदुर्गला ‘सरखेल’, मानाजी कुलाब्याला ‘वजारतमाब’. एका आरमाराची दोन ठाणी झाली आणि बळ विभागले. १७५६मध्ये विजयदुर्गच्या तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले, आणि तिथल्या बंदरात तुळाजींचे आरमार जळाले.

बरनीच्या दहा स्वारांचा सरखेल कान्होजींच्या हाती परकीय कंपन्यांना धडकी भरवणारा झाला, तो सनदेच्या जोरावर नव्हे. गलबते बांधणारे सुतार, ती हाकणारे कोळी-भंडारी आणि किल्ल्यांची साखळी यांनी त्या किताबाला अर्थ दिला. बंदरातले आरमार गेले, तेव्हा तो अर्थही गेला. या जिल्ह्याचा इतिहास वाचताना पदव्यांआधी ही माणसे आणि ही जहाजे मोजायला हवीत.