वर्गातलं स्वमग्न मूल

अहिल्यानगर जिल्ह्यातली वाडीवरची शाळा घ्या. एखादं मूल नजर देत नाही, घंटा झाली की कान झाकतं. लोक हट्टी म्हणतात. पण ही स्वमग्नता असू शकते. निदान डॉक्टरांनी करायचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तिची नोंद आहे. छडीनं ती जात नाही.

गुरुजींनी परिपाठ, गणित, खिचडी, खेळ अशी दिवसाची चित्रं ओळीनं भिंतीवर लावावीत. बदल असेल तर आधी सांगावा, घंटेपूर्वी खूण करावी. ‘नीट वाग’ म्हणण्यापेक्षा ‘पाटी दप्तरात ठेव’ हे त्याला चटकन कळतं. सोबतीला एकच समजूतदार गडी द्या. लगोरीत आधी नुसते दगड रचू द्या. नजरेला नजर देण्याची सक्ती मात्र नको. बोलत नसेल, तर पाण्याचं चित्र दाखवून ते पाणी मागेल. तेव्हा ‘तोंडानं माग’ म्हणून अडवू नका, पाणी द्या.