विश्लेषण : अंतर ८४ किलोमीटर, प्रवास मात्र दिवसभराचा… हवाईतला ‘हाना’ रस्ता इतका वळणांचा का?

अमेरिकेतील हवाई राज्यातल्या माउई बेटावर काहुलुई ते हाना हे अंतर जेमतेम ८४ किलोमीटर आहे. तरीही कुठेही न थांबता गेल्यास एका बाजूला अडीच तास लागतात. धबधबे पाहत गेलात, तर जाऊन-येऊन अख्खा दिवस. पर्यटकांसाठी हा रस्ता म्हणजेच सहल. पण काही हजार रहिवाशांसाठी तो दवाखान्याचा, बाजाराचा आणि नोकरीचा रस्ता आहे.

इतकी वळणे कशामुळे?

बेटाच्या पूर्व भागात हालेआकाला हा ३,०५५ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे त्याला अडतात आणि या बाजूला धो धो पाऊस पाडतात. मोसमी वाऱ्यांचे सह्याद्रीत होते तसेच. या पाण्याने उतारावर घळीच घळी कोरल्या आहेत. रस्ता प्रत्येक घळीत शिरतो, ओढा ओलांडतो आणि पुन्हा समुद्राच्या बाजूने बाहेर येतो. त्यातून सुमारे ६२० वळणे आणि ५९ पूल तयार झाले. त्यांपैकी ४६ पुलांवरून एका वेळी एकच गाडी जाऊ शकते.

मग रुंदीकरण का नाही?

सलग रस्ता १९२६ मध्ये खुला झाला. त्याआधी हानाला जायचे तर बोट, नाहीतर डोंगरातली वाट. २००१ मध्ये या रस्त्याची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. जुने अरुंद पूल हाच त्याचा वारसा. शिवाय रुंद रस्त्याने आणखी गाड्याच येतील, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

अळूची शेते आणि पाण्याचा वाद काय?

साधारण अर्ध्या वाटेवर केआनाए हे समुद्रात घुसलेले लाव्हाचे भूशिर लागते. तेथील खाचरांत डोलणारी पाने मराठी माणूस लगेच ओळखेल. ते अळूच आहे. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी ते होड्यांतून या बेटांवर आणले. आपण पानांचे फदफदे आणि वड्या करतो. तिथे मुख्य अन्न म्हणजे कंद शिजवून, कुटून केलेली ‘पोई’. १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीत हे गाव वाहून गेले. १८६० मधले दगडी चर्च तेवढे टिकले.

या अळूला वाहते, थंड पाणी लागते. १८७० च्या दशकापासून मात्र ऊस बागायतदारांनी कालवे आणि बोगदे खोदून इथल्या ओढ्यांचे पाणी बेटाच्या कोरड्या मध्यभागी नेले. खालची खाचरे सुकली. शेतकऱ्यांनी अनेक वर्षे कायदेशीर लढा दिला. २०१६ मध्ये बेटावरचा शेवटचा ऊसमळा बंद पडला आणि २०१८ मध्ये राज्याच्या जल आयोगाने अनेक ओढ्यांत पाणी परत सोडण्याचा आदेश दिला. त्यामुळे पुलावर थांबून ज्या ओढ्याचा फोटो काढला जातो, त्याच्या पाण्यामागे हा सगळा इतिहास आहे.

स्थानिकांची तक्रार कशाबद्दल?

मुख्यतः पार्किंगबद्दल. धबधबा दिसला की गाडी पुलाच्या तोंडाशीच उभी केली जाते आणि मागे रांग लागते. त्या रांगेत रुग्णवाहिकाही असू शकते. बेटावरचे मोठे रुग्णालय पार दुसऱ्या टोकाला, वायलुकूला आहे. म्हणूनच मागून वेगात गाडी आली, तर सुरक्षित जागा पाहून बाजूला व्हावे आणि तिला पुढे जाऊ द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. पुलावर समोरची गाडी आधी पोहोचली असेल, तर पहिला मान तिचा.

जाणार असाल तर?

पाइया सोडल्यावर थेट हानापर्यंत पेट्रोलपंप नाही आणि मोबाइलची रेंज बराच वेळ गायब असते. नकाशा आधीच डाउनलोड करा. हानाजवळच्या वायानापानापा उद्यानातली काळी वाळू म्हणजे लाटांनी फोडलेला लाव्हा. तिथे राज्याबाहेरच्या पर्यटकांना २०२१ पासून आगाऊ आरक्षण सक्तीचे आहे. पुढे १६ किलोमीटरवर किपाहुलू. एकट्याने, न थांबता अटलांटिक ओलांडणारा पहिला वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग याचे १९७४ मध्ये निधन झाले. त्याची साधी कबर इथल्या छोट्या चर्चच्या आवारात आहे. शेजारच्या ओढ्यातले डोह सुंदर आहेत, पण डोंगरावर पाऊस झाला की क्षणात पूर येतो आणि डोह बंद केले जातात. परतीला उजेडातच निघा. वळणे जाताना होती तेवढीच येतानाही आहेत.