‘नीडी’ म्हणजे नेमके कोण?

डहाणू/तलासरी : पावसाळ्याच्या तोंडावर वह्या आणि दप्तरे, दिवाळीत फराळ आणि कपडे, थंडीत ब्लँकेट. मुंबई-ठाण्याहून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत येणाऱ्या मदतीचे वेळापत्रक जणू ठरलेलेच आहे. वाटपाचे साहित्य बदलते, परंतु फलकावरील एक शब्द सहसा बदलत नाही. तो म्हणजे ‘गरजू’. संस्थेचे पत्रक इंग्रजीत असेल, तर त्या जागी ‘नीडी’ येतो. दोन्ही शब्द इतके सरावाचे झाले आहेत की त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात या विशेषणाला एकाहून अधिक अर्थ आहेत. शिवाय मदत मिळताना कोणता शब्द वापरला जातो, यावर बरेच काही अवलंबून असते.

इंग्रजीतील दोन अर्थ

‘नीड’ म्हणजे गरज. त्यापासून बनलेले ‘नीडी’ हे विशेषण इंग्रजीत कित्येक शतके वापरात आहे. त्याचा पहिला अर्थ, अन्न, वस्त्र, निवारा अशा जगण्याच्या आवश्यक गोष्टी ज्याच्याकडे पुरेशा नाहीत असा. ‘नीडी फॅमिली’ म्हणजे गरजू कुटुंब. त्याआधी ‘द’ लावला की हेच विशेषण समूहवाचक नाम होते. ‘द नीडी’ म्हणजे गरजू लोक. हा प्रयोग मुळातच अनेकवचनी असल्याने आपल्याकडील पत्रकांत अधूनमधून आढळणारे ‘नीडीज’ हे रूप चुकीचे ठरते.

दुसरा अर्थ बराच अलीकडचा, विसाव्या शतकात रुळलेला आहे. ज्याला सतत कोणाचे तरी लक्ष, कौतुक किंवा दिलासा हवा असतो, अशा व्यक्तीलाही ‘नीडी’ म्हणतात. शहरी महाविद्यालयांत ‘तो फार नीडी आहे’ असे ऐकू येते, तेव्हा त्याच्या खिशाशी त्याचा काही संबंध नसतो. येथे ‘गरजू’ हा प्रतिशब्द चालत नाही. प्रसंगानुसार ‘परावलंबी’, ‘सतत आधार शोधणारा’ किंवा थोड्या रागाने ‘गळेपडू’ असे म्हणावे लागते.

‘नीडफुल’ हा शब्द मात्र वेगळा. त्याचा अर्थ ‘आवश्यक’. सरकारी पत्रव्यवहारातील ‘डू द नीडफुल’ म्हणजे ‘योग्य ती कार्यवाही करावी’. गरजूंसाठी काही करावे, असा त्याचा अर्थ नाही.

वरील दोन अर्थ एकमेकांपासून दूरचे वाटले, तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्हींत गरज ही परिस्थिती न राहता माणसाचा गुणधर्म होते. ‘त्याला अमुक गोष्टीची गरज आहे’ या वाक्यात गरज भागली की विषय संपतो. ‘तो गरजू आहे’ या वाक्यात मात्र ती त्याची ओळख बनते. म्हणूनच इंग्रजीत अनेक जण आता ‘द नीडी’ऐवजी ‘पीपल इन नीड’, म्हणजे ‘अडचणीत असलेली माणसे’, असे लिहिणे पसंत करतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९१२ मध्ये शहरातील शंभर सर्वांत गरजू प्रकरणे वाचकांपुढे मांडून मदतीचे आवाहन सुरू केले. त्यातून उभा राहिलेला निधी अनेक दशके ‘नीडिएस्ट केसेस फंड’ याच नावाने ओळखला गेला. अलीकडे त्याचे नाव ‘कम्युनिटीज फंड’ असे करण्यात आले.

मराठीतील ‘गरज’

मराठीतील ‘गरज’ हा शब्द अरबी ‘गरझ’पासून फारसीमार्गे आला. अरबीत त्याचा अर्थ लक्ष्य किंवा हेतू. हिंदी-उर्दूत त्याला स्वार्थाचीही छटा आहे. ‘खुदगर्ज’ म्हणजे आपलेच पाहणारा. मराठीतही ती छटा पुरती पुसलेली नाही. ‘गरज सरो, वैद्य मरो’ या म्हणीतील गरज म्हणजे निव्वळ आपले काम साधणे होय.

‘गरजवंताला अक्कल नसते’ ही दुसरी म्हण मात्र वेगळेच सांगते. नडलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही, समोरचा मागेल ती किंमत त्याला मोजावी लागते, असा तिचा आशय आहे. म्हणीने दोष गरजवंताच्या अकलेला दिला असला, तरी कमतरता अकलेची नसून पर्यायाची असते. याचा दाखला डहाणू-तलासरीच्याच इतिहासात सापडतो.

लग्नगडी आणि खावटी

स्वातंत्र्यपूर्व काळात या पट्ट्यातील जमिनीचा मोठा भाग जमीनदार आणि सावकारांच्या ताब्यात गेला होता. वारली तरुणाला लग्नासाठी पैसे लागत. ते सावकाराकडून घेतले की फेड म्हणून त्याला, आणि लग्नानंतर त्याच्या पत्नीलाही, सावकाराकडे राबावे लागे. कर्ज फिटल्याचे कधी ठरतच नसे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. एका वेळची गरज आणि आयुष्यभराची गुलामी, असा तो व्यवहार होता. याखेरीज जमीनदाराच्या शेतावर आणि घरी बिनमोल वेठ करावी लागे, ती वेगळीच.

१९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने येथे काम सुरू केले. त्या वर्षी मे महिन्यात, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी हजारो वारली एकत्र आले. वेठ करायची नाही आणि लग्नगडी म्हणून राबायचे नाही, असा निर्धार तेथे झाला. त्यानंतर मागणी आली ती मजुरीची. पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये हवेत, असे वारल्यांनी जमीनदारांना सांगितले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा नोंदविला.

भाषेच्या दृष्टीने या घटनेत लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, वारल्यांनी आपण गरजू आहोत म्हणून दया करा, असे म्हटले नाही. त्यांनी कामाचा भाव सांगितला. गरज पूर्वीइतकीच होती. बदलला तो ती मांडण्याचा शब्द. वेठबिगारी संपविणारा केंद्रीय कायदा १९७६ मध्ये झाला. त्याच्या तीन दशके आधी झरीत ती नाकारली गेली होती.

‘खावटी’ हा याच परिसराला परिचित असलेला दुसरा शब्द. पावसाळ्यात घरातले धान्य संपते आणि नवे पीक हाती यायला अवकाश असतो. त्या काळात खाण्यापुरते घेतलेले कर्ज म्हणजे खावटी. ‘गरजू’ या शब्दातून गरज कसली आणि कोणत्या महिन्यातली, हे कळत नाही. ‘खावटी’तून दोन्ही कळते. राज्य शासनाने १९७८ पासून आदिवासी कुटुंबांसाठी खावटी कर्ज योजना राबविली. ती बंद पडल्यानंतर, करोना साथीच्या काळात २०२०-२१ या वर्षासाठी प्रत्येक पात्र कुटुंबाला चार हजार रुपयांचे खावटी अनुदान जाहीर झाले. त्यातील निम्मी रक्कम खात्यात आणि निम्मी वस्तुरूपाने द्यायची होती. कर्जाचे अनुदान झाले, पण नाव गावाने दिलेलेच राहिले.

दफ्तरातील शब्द

सरकारी कागदपत्रांत एकटा ‘गरजू’ फारसा उपयोगी पडत नाही, कारण त्याची मोजता येईल अशी व्याख्या नाही. तेथे ‘निराधार’, ‘निर्धन’, ‘दुर्बल घटक’, ‘प्राधान्य कुटुंब’, ‘अंत्योदय’, ‘लाभार्थी’ असे शब्द असतात आणि प्रत्येकामागे वेगळी अट असते.

राज्यातील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांचे उदाहरण बोलके आहे. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या आणि २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. ‘निर्धन’ हा इंग्रजीतील ‘इंडिजंट’चा प्रतिशब्द. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरलेली असून, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका असा पुरावा लागतो. डहाणू किंवा तलासरीहून मुंबईत उपचारासाठी गेलेल्या कुटुंबाने ‘आम्ही गरजू आहोत’ एवढेच सांगितले, तर ती विनंती होते. ‘निर्धन रुग्णांच्या खाटेसाठी नोंद करा’ असे म्हणून दाखला पुढे केला, तर ती योजनेनुसार केलेली मागणी होते. एका शब्दाने उपचाराचा खर्च बदलू शकतो.

न्यायालयांतही असेच आहे. कोर्ट फी भरण्याची ऐपत नसलेल्या पक्षकाराला दिवाणी प्रक्रिया संहितेत पूर्वी ‘पॉपर’, म्हणजे कंगाल, म्हटले जाई. १९७६ च्या दुरुस्तीने त्या जागी ‘इंडिजंट पर्सन’, म्हणजे निर्धन व्यक्ती, हा शब्द आणला. सवलत तीच राहिली, हिणवणारा शब्द गेला.

‘गरजू व होतकरू’

शिष्यवृत्तीच्या जाहिरातींत ‘गरजू’ला बहुधा ‘होतकरू’ची जोड असते. इंग्रजीत हीच जोडी ‘नीडी अँड डिझर्व्हिंग’ अशी येते. इंग्लंडमध्ये गरिबांसाठी कायदे झाले, तेव्हापासून मदतीस लायक गरीब आणि नालायक गरीब अशी विभागणी तेथील चर्चेत होत आली. तिचीच सावली या शब्दांवर आहे. मर्यादित शिष्यवृत्त्यांसाठी निवड करावीच लागते, हे खरे. परंतु दप्तर किंवा ब्लँकेट देताना ‘होतकरू’ची अट कशासाठी, हा प्रश्न उरतो. थंडी हुशार मुलालाही वाजते आणि नापास झालेल्यालाही.

याच डहाणू तालुक्यात १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिचे नाव ‘कुरणशाळा’. वस्तीतल्या अंगणात भरणारी ती ‘अंगणवाडी’. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील केंद्रे पुढे देशभर याच नावाने ओळखली गेली. या दोन्ही शब्दांत मूल गरजू आहे, असे कोठेही म्हटलेले नाही. मुलाला काय अडते आणि ते कोठे सोडवायचे, एवढेच त्यांतून सांगितले आहे.

वापरताना काय पाहावे?

‘गरजू’ हा शब्द टाकून द्यावा, असा याचा अर्थ नाही. गरज तातडीची असते, तेव्हा हा सोपा शब्द सर्वांना समजतो. तथापि तो लिहिण्यापूर्वी गरज कशाची, हे सांगता येते का, ते पाहावे. ‘गरजू विद्यार्थी’ऐवजी ‘वसतिगृहात प्रवेश न मिळालेले विद्यार्थी’ असे लिहिले, तर देणाऱ्यालाही काय द्यायचे ते कळते. कायद्याने किंवा योजनेने ठरलेले काही मिळवायचे असेल, तर त्या योजनेचाच शब्द वापरावा. आणि जी गोष्ट मजुरी, शिधा किंवा उपचार म्हणून देणेच लागते, तिला ‘गरजूंना मदत’ म्हणू नये. तसे म्हटले की देणेकरी दाता ठरतो आणि घेणेकरी मात्र याचक.