गाविलगडाच्या शेजारची शांतता

मे महिना लागला की अकोला आणि अमरावतीत एकच प्रश्न घराघरांत फिरतो: कुठं जायचं? पारा पंचेचाळिशीच्या पुढं गेलेला असतो, कूलरमधलं पाणी दुपारपर्यंत कोमट होतं. ज्यांची मुलं अमेरिकेत स्थिरावली आहेत ते आता कॅरिबियन समुद्रातल्या बेटांची नावं घेतात. बोनेअर, क्युरासाव ही बेटं चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत, म्हणून जून ते नोव्हेंबरातही त्यातल्या त्यात निर्धास्त, एवढी माहिती आमच्या राजापेठेतल्या माणसालासुद्धा असते. ज्यांना एवढं लांब जमत नाही ते अंदमान बघतात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुटू लागल्यापासून ही चर्चा आणखी वाढली आहे.

शांत आणि सुरक्षित, या दोन अटी सगळ्यांच्याच असतात. वऱ्हाडात दोनशे वर्षांपूर्वी याच दोन अटींवर एक जागा निवडली गेली. ती जागा म्हणजे चिखलदरा. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, कीचकाची गोष्ट हे सगळं वाचकांना पाठ आहे, ते इथं सांगत बसत नाही. मला बरीच वर्षं कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं: ही जागा निवडली कुणी, आणि ती शांत राहिली कशी? जुनी गॅझेटियरं, लष्करी खलिते आणि वनखात्याच्या पुनर्वसनाच्या बातम्या एकत्र ठेवून वाचल्या तेव्हा या शांततेला बराच मोठा इतिहास असल्याचं दिसलं, आणि तो सगळा काही प्रसन्न नाही.

सगळीकडे छापलेलं वाक्य असं आहे की हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं १८२३ मध्ये चिखलदऱ्याचा शोध लावला. हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. ज्या पठाराला लागून पंधराव्या शतकापासून गाविलगड उभा आहे, जिथं कोरकू आणि गवळी पिढ्यानपिढ्या राहतात, त्या पठाराचा शोध लागायचा काय उरला होता? इंग्रजांना तर ही जागा रॉबिन्सनच्या वीस वर्षं आधीपासून पक्की माहीत होती. त्याचा पुरावा आर्थर वेलस्लीच्या, म्हणजे पुढं वॉटर्लूत नेपोलियनला हरवणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या, डिसेंबर १८०३ मधल्या देवगावच्या छावणीतून गेलेल्या खलित्यात आहे.

हा खलिता मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. सेनापतीचा अहवाल असूनही तो भूगोलाच्या एखाद्या धड्यासारखा नेटका आहे. पूर्णा आणि तापी या दोन नद्यांच्या उगमांमधल्या डोंगरावर गड आहे, हे तो आधी सांगतो. मग गडाची रचना. आतला किल्ला दक्षिणेला तोंड करून, तिथं कडा सर्वांत उभा. बाहेरचा किल्ला आतल्या किल्ल्याला उत्तरेकडून आणि वायव्येकडून झाकतो. आणि उत्तरेला, लबाडा नावाच्या गावाकडून येणारी वाट अडवायला आणखी एक तिसरी भिंत. वाटाही तीन. दक्षिणेची चढण इतकी लांब आणि उभी की नुसत्या माणसांनाच चढता यावी. पश्चिमेची वाट किल्ल्याच्या पोटाखालून वळसा घेते आणि बराच वेळ तटावरच्या गोळीच्या टप्प्यात राहते. तिसरी लबाड्याकडून, गडाच्या पातळीवरूनच येणारी. तटाला भिडायचं तर हीच.

अडगावची लढाई होऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. अकोला जिल्ह्यातल्या, आजच्या तेल्हारा तालुक्यातल्या त्या अडगावी २९ नोव्हेंबर १८०३ ला नागपूरकर भोसल्यांची फौज मोडली होती आणि उरलेली शिबंदी गाविलगडावर जाऊन बसली होती. वेलस्ली स्वतः दक्षिणेला थांबला आणि कर्नल स्टीव्हन्सनला तोफा घेऊन डोंगरातून उत्तरेकडे पाठवलं. ७ डिसेंबरला निघालेली ही फौज १२ डिसेंबरला लबाड्याला पोचली. वाट नव्हतीच. सैनिकांनी ती तोडत नेली, अवजड तोफा आणि दारूगोळा हातांनी ओढला. खलित्यात वाटेवरच्या गावाचं नाव दमरगाव असं आलं आहे. ते धामणगाव गढी असावं, असं माझं मत आहे, कारण अचलपुराहून डोंगरात शिरायला आजही तीच सोयीची बाजू आहे. परतवाड्याहून धामणगाव गढी आणि मोथ्यामार्गे गाडी वर जाते, तेव्हा आपण बहुधा स्टीव्हन्सनच्या तोफांच्या मागोमागच जात असतो.

१३ डिसेंबरला तोफा सुरू झाल्या. १५ ला सकाळी हल्ला झाला. बाहेरचा किल्ला पडला, पण आतल्या किल्ल्याचा दरवाजा काही केल्या फुटेना. तेव्हा ९४व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल काही शिपाई आणि शिड्या घेऊन मधली दरी उतरला, समोरच्या तटावर चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग राजपूत होता. तो पळाला नाही. दरवाजाजवळच्या प्रेतांच्या राशीत त्याचा देह सापडला. तरुण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या दिवशी हल्ल्याबरोबर होता, तोच पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकारानं ‘शार्प्स फोर्ट्रेस’ या कादंबरीत हाच वेढा रंगवला आहे आणि ती जगभर वाचली जाते. बेनीसिंगावर मराठीत एक धड प्रकरणही नाही, याचं मला वाईट वाटतं.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. रघूजी भोसल्यांनी कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, पण गाविलगड आणि नरनाळा त्यांच्याकडेच राहिले. आप्पासाहेब भोसल्यांच्या पाडावानंतर तेही गेले आणि १८२२ च्या तहानं हा सगळा भाग निजामाच्या हवाली झाला. आता ‘शोधा’ची तारीख पुन्हा बघा: १८२३. तहाला जेमतेम वर्ष झालं होतं. कॅप्टन वर गेला तो डोंगर निर्धोक झाल्यावर, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो. १८५८ मध्ये तात्या टोपे सातपुड्यात शिरून गाविलगड ताब्यात घेईल या धास्तीनं किल्ला निकामी करण्यात आला. साहेबांच्या बंगल्यांच्या शेजारी कुणी लढू शकेल अशी जागा ठेवायची नव्हती.

दुसरी भीती तापाची होती. हिवताप डासांमुळं पसरतो हे रोनाल्ड रॉसनं १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवून दिलं. त्याआधी ताप दलदलीच्या हवेतून येतो असा समज होता आणि उपाय एकच, उंच चढून जाणं. एलिचपूरच्या, म्हणजे अचलपूरच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना ३,६६४ फुटांवरचं हे पठार एका मुक्कामाच्या अंतरावर मिळालं. साम्राज्याच्या गॅझेटियरमध्ये इथलं सरासरी तापमान ७१ अंश फॅरनहाइट दिलं आहे. बदलत्या ऋतूंबरोबर गुलाब, ऑर्किड, नेचे आणि लिली कशा एकामागून एक येतात याचं वर्णन आहे, बटाट्याची आणि कॉफीची तारीफ आहे. कॉफी आजही पिकते, महाराष्ट्रात दुसरीकडं सहसा कुठं पिकत नाही. पाऊस अकोल्याच्या जवळपास दुप्पट पडतो.

मग असं ठिकाण महाबळेश्वर का झालं नाही? मला सापडलेली सर्वांत मोलाची गोष्ट याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. कारण निसर्गात नाही, कारभारात आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, पण त्यावरचा वरिष्ठ अधिकारी हैदराबादचा रेसिडेंट. तो उन्हाळ्यात एवढा प्रवास करून चिखलदऱ्याला कशाला येईल? इकडं मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन जेम्स फोर्सिथनं पचमढीला बायसन लॉज बांधला. नागपूरच्या सरकारची उन्हाळी राजधानी पचमढीला ठरून गेली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तेव्हा नव्या गव्हर्नमेंट हाउसची, सचिवालयाची, क्लबाची गरजच उरली नव्हती. चिखलदऱ्याच्या वाट्याला आले ते वऱ्हाडातले कमिशनर, जंगलखात्याचे साहेब आणि मिशनरी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत पचमढी मध्य प्रदेशात राहिली, आम्ही मुंबई राज्यात आलो, आणि पन्नास वर्षं दुय्यम असलेलं हे गाव एका रात्रीत विदर्भाचं एकमेव थंड हवेचं ठिकाण ठरलं.

रेल्वेही वर कधी चढली नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरला नॅरो गेज निघाली, किलिक निक्सन कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेची ७६ किलोमीटरची ती लाइन, तीच आपली शकुंतला. ती अचलपुरात संपायची आणि पुढं डोंगर. नेरळहून माथेरानला १९०७ मध्ये गाडी चढली आणि मुंबईकर लोटले. इथं तसं काही घडलं नाही, आणि मी तर म्हणेन, बरं झालं. शकुंतला मात्र गेली काही वर्षं बंद पडून आहे. ती सुरू व्हायलाच हवी. अंजनगावच्या पानमळ्यांतून जाणारी ती गाडी मूर्तिजापूर-अचलपूरच्या गरीब माणसाची होती.

आता या शांततेची दुसरी बाजू. ज्या डोंगरात साहेबांची प्रकृती सुधारत होती त्याच डोंगरात कोरकू बाळं मरत होती. मेळघाटातल्या बालमृत्यूंचा प्रश्न १९९०च्या दशकात वर्तमानपत्रांतून उच्च न्यायालयापर्यंत पोचला. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी दवाखान्यासाठी आयुष्य घातलं, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही पावसाळ्यात आजारी बाईला धारणीला किंवा अमरावतीला न्यायचं म्हणजे काय असतं हे तिथल्या लोकांनाच विचारावं. सुट्टीला गेलेल्या माणसाला जी जागा सुरक्षित वाटते ती तिथं जन्मलेल्या बाळाला नसेल, तर त्या सुरक्षिततेत काहीतरी मोठं उणं आहे.

मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक म्हणून सुरू झाला. वाघ वाचला पाहिजे याबद्दल माझ्या मनात यत्किंचित शंका नाही. पण वाघासाठी गाभ्यातली गावं उठली. कुंड, कोहा, बोरी आधी उठली, मग वैराट, चुर्णी, पस्तलाई आणि पुढं गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी, धारगड. चिखलदऱ्याला गेलेला प्रवासी सर्वांत उंच जागा म्हणून वैराटला जातो. तिथं गाव होतं, हे त्याला कुणी सांगत नाही. अनेक कुटुंबांना अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्याच्या काळ्या मातीच्या सपाटीवर आणून वसवलं. २००८ नंतर कुटुंबामागं दहा लाख रुपयांची मदत ठरली होती. ज्यांनी आयुष्यात मोहफुलं आणि तेंदूपान विकून दिवस काढले त्यांना बँकेतली रक्कम किती पुरणार? जमीन नाही, हाताला काम नाही, उन्हाळा अंगवळणी पडत नाही, अशा तक्रारी करत शेकडो माणसं पुन्हा जंगलात परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी-गुल्लरघाट परिसरात त्यांची वनखात्याच्या आणि पोलिसांच्या माणसांशी चकमक झाली. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. दोनशे वर्षांपूर्वी डोंगरातली शिबंदी उठवली, आता गावं उठवली. दोन्ही वेळा डोंगर शांत झाला.

सध्याचा वाद काचेच्या पुलाचा आहे. गोरघाट ते हरिकेन पॉइंट असा ४०७ मीटर लांबीचा स्कायवॉक सिडकोनं हाती घेतला आणि वन्यजीवविषयक मंजुऱ्यांत तो रखडला. पुलाच्या बाजूनं बोलणारे सांगतात, पर्यटक वाढतील, रोजगार येईल. चिखलदऱ्यातल्या हॉटेलवाल्यांची, चहाच्या टपरीवाल्यांची ही अपेक्षा खोटी नाही, पावसाळ्याचे शनिवार-रविवार सोडले तर त्यांचा धंदा मंदच असतो. पण या ठिकाणाचं मोल एका गोष्टीत आहे: पचमढीनं, माथेराननं, महाबळेश्वरनं जे कधीच गमावलं ते इथं अजून शिल्लक आहे. लोक इथं पूल बघायला येऊ लागले तर दरीतल्या धुक्यासाठी येणारा माणूस पुन्हा दुसरी जागा शोधायला लागेल.

तेव्हा वऱ्हाडातल्या वाचकांना माझं सांगणं असं. सुट्टीसाठी लांबचं बेट शोधायच्या आधी चिखलदऱ्याला जा, पण मधल्या वारी जा. धामणगाव गढीच्या वाटेनं चढा. मोथ्याला गवळ्यांकडचा खवा घ्या. गाविलगडावर अर्धा दिवस काढा आणि बेनीसिंगाच्या दरवाजापाशी थांबा. सेमाडोहला किंवा कोलकासला मुक्काम करा आणि वाट दाखवायला कोरकू माणूस सोबत घ्या, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. आणि सरकारला एवढंच म्हणणं आहे की अकोट-तेल्हाऱ्यात आणून बसवलेल्या गावांच्या जमिनीचा, पाण्याचा आणि दवाखान्याचा हिशेब आधी पुरा करा, काचेचा पूल त्यानंतर बघू.