प्रयोगशाळेतील पोलादी कपाट

प्रयोगशाळेत आपले लक्ष परीक्षानळीकडे, ज्योतीकडे वा भिंगाकडे असते. भिंतीलगत उभ्या असलेल्या कपाटाकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः त्यामागे यांत्रिक अभियंत्याचा पुष्कळ विचार असतो. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा उद्योग आरंभिला व १९२३ मध्ये त्यांच्या कारखान्यात पोलादी कपाटे होऊ लागली. तेव्हापासून असे कपाट घरोघरी ओळखीचे झाले. घरच्या कपाटाने दागदागिने चोरांपासून राखावयाचे असतात. प्रयोगशाळेतील कपाटाने मुलांनाच राखावयाचे असते.

पहिला प्रश्न बळकटीचा. पत्रा जितका जाड तितके कपाट मजबूत, अशी आपली समजूत असते. जाडी दुप्पट केल्यास पत्र्याचा ताठपणा आठपट वाढतो हे खरे; परंतु वजनही दुप्पट होते. याहून सुलभ उपाय आहे. एक पोलादी मोजपट्टी आडवी धरून टोकाशी दाबा; ती सहज वाकेल. तीच कडेवर उभी धरून दाबा. ती हलणार नाही. पट्टी २५ मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड असल्यास उभ्या स्थितीत तिचा ताठपणा २५ च्या वर्गाइतका, म्हणजे ६२५ पट होतो. पोलाद तेवढेच, केवळ त्याची ठेवण बदलली! म्हणूनच कपाटातील फळीच्या कडा खाली दुमडलेल्या असतात, आणि सुमारे एक मिलिमीटर जाडीचा पत्राही उपकरणांचा भार पेलतो. ती कड पुन्हा आत वळविली म्हणजे धारेने बोटे कापण्याचे भयही उरत नाही.

दुसरा प्रश्न तोलाचा. गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा पायांच्या आत पडते तोवरच कपाट स्थिर राहते. भरलेले सर्व खण एकाच वेळी बाहेर ओढले तर ती रेषा पुढे सरकते व कपाट अंगावर कोसळू शकते. यास्तव काही कपाटांत एका वेळी एकच खण उघडेल अशी अडणी बसवितात. जड वस्तू तळाशी ठेवणे व कपाट भिंतीस जखडणे, हे उपाय तर कोणत्याही शाळेस करता येतील.

तिसरा शत्रू गंज. आपल्या गोमंतकासारख्या समुद्रकाठच्या प्रदेशात हवेतील क्षार त्यास साह्य करतात. म्हणून पत्रा प्रथम धुऊन तेलरहित करतात, त्यावर फॉस्फेटचा थर देतात, नंतर रंगाची भुकटी विद्युत्भाराने चिकटवून भट्टीत भाजतात. तरीही हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ एखाद्या ओरखड्यातून आत शिरली की बिजागऱ्या व कुलूप खाऊन टाकते. आम्लांच्या बाटल्या पोलादी कपाटात न ठेवता प्लॅस्टिकच्या तबकात, निराळ्या कपाटात ठेवाव्यात, त्याचे कारण हेच.

चौथा प्रश्न सर्वांत गंभीर : आगीचा. स्पिरिट, ईथर यांसारख्या ज्वालाग्राही द्रवांच्या कपाटासाठी अमेरिकेतील कामगार-सुरक्षेच्या नियमांत एक नमुना सांगितला आहे. त्याच्या भिंती दुहेरी असून त्यांमध्ये सुमारे ३८ मिलिमीटर हवेची पोकळी असावी. दाराचा उंबरठा तळापासून निदान ५ सेंटिमीटर उंच असावा. आणि दार तीन ठिकाणी अडकावे. हवा उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे बाहेर आग लागली तरी आतील द्रव लवकर तापत नाही. बाटली फुटल्यास सांडलेला द्रव उंबरठ्याआड अडतो. तीन ठिकाणी अडकलेले दार उष्णतेने वाकून सहजी उघडत नाही. हे कपाट आग विझवीत नाही. ते थोडा अवधी मिळवून देते, आणि तेवढ्या अवधीत वर्ग सुखरूप बाहेर पडू शकतो.

असा सारा विचार करून कपाट घडविले, तरी नायट्रिक आम्लाशेजारी स्पिरिटची बाटली ठेवली तर तो विचार व्यर्थ होय; कारण या दोहोंच्या संयोगातूनच आग वा स्फोट उद्भवू शकतो. अभियंत्याचे काम कारखान्यात संपते. तेथून पुढचे आपल्या हाती असते. प्रत्येक बाटलीस नावाची चिठ्ठी असावी, ती आपल्या जागी परत जावी आणि दार लावलेले असावे. एवढी शिस्त पाळली म्हणजे ते मुके कपाट आपले काम चोख बजावील.