डोळे कपाळावर का जातात?

सुटीच्या दुपारी घरातलं मूल आरशासमोर कागद-पेन्सिल घेऊन बसतं. अर्ध्या तासानं चित्र पुरं होतं आणि घरभर हसू पिकतं. डोळे पार कपाळावर, हनुवटी लांबलचक! 'मला नाही येत चित्रकला,' म्हणत मूल पेन्सिल ठेवून देतं. पुष्कळदा कायमचीच. खरं तर चूक हाताची नसते, नजरेची असते.

चेहरा म्हटलं की आपलं लक्ष डोळे, नाक, ओठ यांवर. कपाळ आणि केसांखालचं डोकं आपल्या हिशेबातच नसतं. कागदावर तो भाग आखडतो आणि डोळे वर सरकतात. प्रत्यक्षात माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे असतात. खोटं वाटत असेल, तर पट्टी धरून मोजा! दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा असते. कानाचं वरचं टोक भुवईच्या आणि पाळी नाकाच्या खालच्या कडेच्या रेषेत येते. अर्थात ही झाली सरासरी. आपला चेहरा या मापांपासून जिथे थोडा ढळतो, तिथेच आपली ओळख असते. म्हणून आधी मोजायचं, मग काढायचं.

आरशाचीही एक गंमत आहे. एक डोळा मिटून आरशावर साबणाच्या वडीनं चेहऱ्याची कड गिरवा. तो आकार खऱ्या चेहऱ्याच्या निम्माच भरतो! शिवाय आरशात उजव्या-डाव्याची अदलाबदल होते. व्हॅन गॉगच्या 1889 मधल्या आत्मचित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते. जखम मात्र डाव्या कानाला होती. मॉडेलला द्यायला पैसे नसत, म्हणून तो स्वतःलाच समोर बसवी.

जर्मनीच्या आल्ब्रेख्त ड्यूररनं 1484 मध्ये, जेमतेम तेरा वर्षांचा असताना, आरशात पाहून स्वतःचं चित्र काढलं. तेही चांदीच्या टोकानं, म्हणजे रेघ खोडायची सोय नाही. 'तेव्हा मी लहान होतो,' अशा अर्थाची नोंद त्यानं पुढे त्या चित्रावर केली. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात ते आजही जपलेलं आहे.

तेव्हा मुलाचं चित्र पाहून हसण्याआधी त्याच्या हाती पट्टी द्या. चित्राखाली तारीख घालून ते जपून ठेवा. पुढच्या सुटीत त्याच आरशासमोर दुसरं काढू द्या. दोन्ही शेजारी ठेवली, की आपली नजर किती तयार झाली, ते मुलाला कुणी सांगावं लागणार नाही.