बुळकांडीचा हिशेब

शेतकऱ्याची बैलजोडी साथींत दगावली तर त्याचें किती नुकसान झालें, असा प्रश्न वर्गांत विचारला म्हणजे बहुतेक विद्यार्थी जोडीची बाजारांतील किंमत सांगून मोकळे होतात. गणिताच्या दृष्टीनें हें उत्तर बरोबर असेल. व्यवहाराच्या दृष्टीनें तें फारच अपुरें आहे. ट्रॅक्टर येण्यापूर्वीच्या काळांतील एखादें गांव डोळ्यांपुढें आणा. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला आहे आणि गोठा रिकामा आहे. पेरणी लांबली कीं त्या सालचें पीक हातचें गेलें. नवी जोडी घ्यावी तर आसपासच्या गांवांतील शेतकरीहि त्याच बाजारांत बैल शोधीत आलेले, म्हणून किंमत भडकलेली. उलट, मेलेल्या जनावरांचीं कातडीं एकदम बाजारांत आल्यामुळें त्यांचा भाव मात्र उतरलेला. साथ ही अशी दोन्ही बाजूंनीं मारते. आणि मग सावकाराचें दार ठरलेलेंच.

बुळकांडी हा रोग या बाबतींत सर्वांत क्रूर होता. जोराचा ताप, तोंडांत व्रण, दुर्गंधियुक्त हगवण आणि थोड्याच दिवसांत मृत्यु, असा त्याचा क्रम असे. १८८७ च्या सुमारास तो बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेच्या ईशान्य भागांत शिरला. इथिओपियांत नांगराचे बैल मेल्यामुळें भयंकर दुष्काळ पडला. १८९६ सालीं रोगानें झांबेझी नदी ओलांडली. दक्षिणेकडे पुष्कळ ठिकाणीं दर दहा गुरांपैकीं आठ-नऊ मेलीं, आणि बैलगाड्या जागच्या जागीं थांबल्यामुळें धान्याची ने-आणहि बंद पडली.

आपल्या देशांत या रोगाची चौकशी करणाऱ्या कमिशनचा अहवाल १८७१ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १८८९ सालीं जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं सरकारी प्रयोगशाळा निघाली, ती पुण्यास, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावी. परंतु रोगाचें विष हाताळावयाचें तर गुरांच्या वस्तीपासून दूर असावें, म्हणून १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली.

प्रथम तेथें रोगमुक्त जनावरांच्या रक्तापासून रक्तद्रव काढून टोंचीत. त्याचा गुण थोडेच दिवस टिके, आणि खर्च मात्र दर साथीला नव्यानें करावा लागे. १९२० नंतरच्या दशकांत जे. टी. एडवर्ड्स यांनीं रोगाचे विषाणु एका शेळींतून दुसरींत असे पुनःपुन्हां वाढविले; तेव्हां ते गाईबैलांपुरते सौम्य झाले, तरी रोगप्रतिकारशक्ति देण्याचा त्यांचा गुण कायम राहिला. अशा रीतीनें स्वस्त आणि दीर्घकाळ टिकणारी लस हातीं आली. १९५४ सालीं देशव्यापी लसटोंचणीची योजना सुरू झाली, तिचा प्रारंभीचा आधार ही शेळीची लसच. पुढें १९६० च्या सुमारास केनियांत वॉल्टर प्लोराइट यांनीं पेशींवर वाढविलेली अधिक निर्धोक लस तयार केली. याबद्दल त्यांस १९९९ सालीं जागतिक अन्न पारितोषिक मिळालें.

येथें पालक विचारतील कीं, लस इतकी गुणकारी तर ज्याची त्यानें विकत घ्यावी. सरकारनें खर्च कां करावा? याचें कारण असें कीं, मी माझी गाय टोंचून घेतली तर शेजाऱ्याच्या गाईचेंहि थोडें रक्षण होतें, परंतु तो मला कांहीं देत नाहीं. म्हणून प्रत्येकजण स्वतःच्या खिशापुरता हिशेब करूं लागला तर एकंदरींत लसटोंचणी कमीच होते. दुसरें असें कीं, आजारी जनावर मरण्यापूर्वीं विकून टाकण्याचा मोह होतो, आणि बाजार हीच साथीची सर्वांत मोठी वाट. इंग्लंडांत १८६६ च्या कायद्यानें आजारी गुरें सक्तीनें मारण्याबरोबर भरपाईचीहि सोय केली, ती काय उगीच? भरपाई नसेल तर शेतकरी रोग लपविणार. त्यास दोष देणें सोपें आहे, पण त्याच्या जागीं आपणहि तेंच केलें असतें.

शेवटची पायरी सर्वांत अवघड असते. रोग दुर्मिळ झाला कीं लोकांस लस निरर्थक वाटूं लागते, आणि उरलेलें एकेक ठिकाण शोधण्याचा खर्च तर वाढतच जातो. तथापि तो खर्च केला म्हणूनच २०११ सालीं बुळकांडी जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग. आतां तिच्या लसटोंचणीचा वार्षिक खर्च शून्य आहे. असा व्याजाचा दर कोणत्याहि पेढीवर मिळत नाहीं.

लाळ्या-खुरकुताची गोष्ट मात्र निराळी आहे. या रोगानें मोठें जनावर बहुधा मरत नाहीं. दूध आटतें, ऐन कामाच्या दिवसांत बैल लंगडतो, आणि मेलेलें जनावर मोजतां येतें तसें हें नुकसान कोणी मोजीत नाहीं. शिवाय बुळकांडीच्या एका लसीनें सर्वत्र काम भागत असे. खुरकुताच्या विषाणूच्या मात्र सात जाती आहेत, आणि एकीवरची लस दुसरीस चालत नाहीं. म्हणून आपल्याकडे ओ, ए व एशिया-१ अशा तीन जाती एकाच लसींत घालाव्या लागतात, आणि तिचा गुण लवकर ओसरत असल्यामुळें २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेंत ती दर सहा महिन्यांनीं पुन्हां टोंचण्याचें ठरलें आहे.